म्हण कोणाच्या तोंडची? : लॅटिन म्हणी, मराठी म्हणी आणि त्यांचे अनामिक धनी

महाविद्यालयाच्या कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहून ‘बोनाफाईड’ मागणारा विद्यार्थी, बांधाच्या भांडणात ‘आम्ही आधीच कॅव्हेट टाकून ठेवलंय’ असे बजावणारा शेतकरी आणि ‘कोरमअभावी सभा तहकूब’ अशी इतिवृत्तात नोंद करणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी हे तिघेही, त्यांच्या ध्यानीमनी नसताना, लॅटिन बोलत असतात. ‘बोना फिदे’ म्हणजे सद्भावाने, खऱ्या निष्ठेने. ‘कॅव्हेट’ म्हणजे ‘त्याने सावध राहावे’; १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८-अ आले आणि हे लॅटिन क्रियापद तालुक्याच्या न्यायालयापर्यंत येऊन पोचले. ‘कोरम’ हे तर नुसते षष्ठीचे अनेकवचन आहे, ‘ज्यांच्यापैकी’ एवढाच त्याचा अर्थ. ‘कोरमअभावी तहकूब’ या इवल्याशा शेऱ्यात लॅटिन, संस्कृत आणि अरबी-फारसी वळणाचा शब्द गुण्यागोविंदाने नांदतात, आणि तेरखेड्यातल्या किंवा वाशीतल्या कोणालाही त्यात काही परके वाटत नाही.

लॅटिन म्हणींचे मात्र असे झालेले नाही. त्या आपल्याकडे आल्या त्या शिक्षणसंस्थांच्या बोधचिन्हांवर, इंग्रजी निबंधांच्या मथळ्यांवर आणि वकिलांच्या युक्तिवादांत. त्यामुळे लॅटिन म्हण म्हटली की डोळ्यांसमोर उभी राहते ती संगमरवरात कोरलेली अक्षरे, पांढरा झगा पांघरलेला सिनेटर, आणि फार झाले तर एखादा तत्त्वज्ञ सम्राट. मराठी म्हणीबद्दलची आपली समजूत याच्या अगदी उलट आहे. ती शेताच्या बांधावरची, चुलीपुढची, आजीच्या तोंडची. एक अभिजनांची, दुसरी बहुजनांची. एक विचार, दुसरा व्यवहार.

ही विभागणी टिकणारी नाही, असे आम्हांस वाटते. लॅटिन म्हणींचे रोजच्या जगण्यातले शहाणपण ज्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचले त्यांतील पुष्कळजण गुलाम होते, सुटका झालेले गुलाम होते किंवा जात्याला जुंपलेले मजूर होते. संगमरवर नंतर आला. मराठी म्हणींच्या बाबतीतही, वेगळ्या वाटेने का होईना, असेच काही घडले आहे. म्हणून म्हणीचा अभ्यास करताना ‘अर्थ काय?’ या प्रश्नाइतकाच ‘ही कोणाच्या तोंडची?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न दोन्ही भाषांना विचारणार आहोत.

तेर आणि पाँपेई

रोम आणि आपला हा प्रदेश यांची ओळख इंग्रजांनी करून दिली, असे समजण्याचे कारण नाही. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातले तेर हेच प्राचीन ‘तगर’, ही ओळख फ्लीट या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचा उल्लेख आहे: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून आडवाटांनी बंदरापर्यंत जाई. या व्यापारात रोमचे सोने किती जाते याचा हिशेब थोरल्या प्लिनीने लॅटिनमध्ये मांडून ठेवला आहे. हिंदुस्थान दरवर्षी किमान ५ कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी त्याची तक्रार होती.

या देवघेवीची सर्वांत बोलकी खूण म्हणजे तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयामुळे आपल्याला या गावाचे प्राचीन वैभव ठाऊक झाले आहे. या मूर्तीशी जवळचे साम्य असलेली दुसरी हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हे शहर राखेखाली गाडले गेले. त्या राखेने मूर्ती जशी जपली तशाच भिंतीही जपल्या. पाँपेईच्या भिंतींवर सामान्य माणसांनी खरडलेली हजारो वाक्ये आहेत: शिव्या, प्रेमाचे निरोप, निवडणुकीची आवाहने, उधारीच्या नोंदी. एका घराच्या उंबऱ्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र काढून खाली ‘कावे कानेम’, म्हणजे ‘कुत्र्यापासून सावध’, असे लिहिले आहे. आपल्या कॅव्हेटचा हा सख्खा भाऊ. ज्या लॅटिनमध्ये म्हणी जन्मल्या ती ही भाषा, रस्त्यावरची.

मलमलीच्या गाठोड्याबरोबर म्हणीही गेल्या-आल्या, असे सुचवण्याचा मोह येथे होऊ शकतो. तो आवरलेला बरा. दोन दूरच्या समाजांत एकसारखी म्हण सापडली म्हणजे उसनवारी झालीच, असे होत नाही. कुत्री सगळीकडेच भुंकतात. तरीही एका म्हणीचा प्रवास लॅटिनने स्वतःच नोंदवला आहे. कुर्टियुस रूफुस याने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या इतिहासात बेसस या बंडखोर सत्रपाच्या मेजवानीचा प्रसंग आहे. तेथे एक मीड गृहस्थ बाख्त्री लोकांत रूढ असलेल्या दोन म्हणी ऐकवतो. भित्रे कुत्रे चावण्यापेक्षा भुंकतेच जास्त, ही पहिली. आणि सर्वांत खोल नद्या सर्वांत कमी आवाज करीत वाहतात, ही दुसरी. पुढे युरोपभर या म्हणी अस्सल लॅटिन शहाणपण म्हणून मिरवल्या. मूळ लॅटिन ग्रंथ मात्र त्यांचे श्रेय आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या लोकांना देतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही आपली म्हण याच विचाराची दुसरी बाजू आहे. तिने खोल पाण्याची थोरवी सांगण्याऐवजी उथळाची फजिती पाहणे पसंत केले, इतकेच.

जात्यावरचा नाटककार

आता प्रश्नाकडे वळू. लॅटिन म्हणी आपल्यापर्यंत कोणी पोचवल्या?

पहिले नाव प्लॉटसचे. इ. स. पूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकालातला हा विनोदी नाटककार. औलुस गेलियुसने सांगितलेली जुनी हकिकत अशी की, नाटकमंडळीत कमावलेला पैसा त्याने व्यापारात घालवला, फफुटा तुडवीत रोमला परतला आणि पोटासाठी एका पिठाच्या गिरणीत हाताने जाते ओढण्याचे काम धरले. काही नाटके त्याने तेथेच लिहिली. आधुनिक अभ्यासक या हकिकतीकडे साशंकतेने पाहतात. पण आपल्या भाषेतील कितीतरी रचना जात्यावर जन्मल्या हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला ती ऐकून नवल वाटणार नाही. प्लॉटसच्या नाटकांत धूर्त गुलाम हाच बहुधा खरा नायक असतो आणि म्हणींची लयलूट त्याच्याच तोंडी असते.

दुसरा टेरेन्स. कार्थेजमध्ये जन्मलेला, रोममधील एका सिनेटरचा गुलाम म्हणून आलेला आणि बुद्धीच्या बळावर मुक्त झालेला. ‘जितकी माणसे तितकी मते’ ही म्हण जगभर गेली ती त्याच्या नाटकातून. तिसरा फीड्रस, सम्राट ऑगस्टसचा मुक्त केलेला गुलाम. इसापाच्या गोष्टी त्याने लॅटिन पद्यात आणल्या. आणि चौथा, या सर्वांत आमच्या विषयाला जवळचा, पुब्लिलियुस सिरुस. ‘सिरुस’ म्हणजे सीरियाचा. सीरियातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस ‘माइम’ नावाची रांगडी प्रहसने रचू आणि करू लागला. इ. स. पूर्व ४६ मध्ये सीझरने भरवलेल्या खेळांत त्याने बाजी मारली.

पुब्लिलियुसची प्रहसने आज उपलब्ध नाहीत. उरली आहेत ती त्यांतली सुटी वाक्ये, सुमारे सातशे, अक्षरानुक्रमाने मांडलेली. ती रोमन मुलांना शाळेत शिकवली जात. पुढे संत जेरोमनेही शाळेत त्यांची ओळख करून घेतली. म्हणजे नाटक गेले, पात्रे गेली, प्रसंग गेला, प्रेक्षकांचे हसणे गेले आणि मागे राहिला तो गंभीर चेहऱ्याचा सुविचार. यातले एखादे वाक्य मूळ प्रहसनात कंजूष म्हाताऱ्याचे होते की लबाड दलालाचे, हे आता सांगता येत नाही. कदाचित ज्या वाक्यावर प्रेक्षक हसत होते तेच वाक्य पुढच्या पिढ्यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले असेल.

शाळेच्या पाठांतरातून ग्रंथात आणि ग्रंथातून अभिजनांच्या बैठकीत, असा हा प्रवास. त्याचा कळस म्हणजे इरॅस्मस. १५०० मध्ये पॅरिसला त्याने ‘अदागिया’चा पहिला छोटा संग्रह काढला तेव्हा त्यात ८१८ म्हणी होत्या, १५०८ च्या व्हेनिसच्या आवृत्तीत त्या तीन हजारांवर गेल्या आणि १५३६ च्या अखेरच्या आवृत्तीत ४१५१ झाल्या. व्हेनिसची आवृत्ती छापणाऱ्या आल्डुसचे मुद्रणचिन्ह होते नांगराला विळखा घातलेला मासा: ‘फेस्तिना लेन्ते’, म्हणजे ‘घाई कर, पण सावकाश’, या म्हणीचे चित्र. इरॅस्मसने प्रत्येक म्हणीला मूळ संदर्भ, ग्रीक पूर्वज आणि भाष्य जोडले. त्याचे ऋण मोठे आहे. पण याच ग्रंथाने म्हणीला विद्वत्तेचा अलंकार केले, हेही खरे. गुलामाची थट्टा आता दरबारी पत्रात शोभू लागली.

मोल्सवर्थच्या नोंदवहीत

मराठी म्हणींची लेखी वाट याहून तीनशे वर्षांनी उशिरा सुरू होते. पण वळण ओळखीचे आहे. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ मध्ये त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. या कोशाच्या नोंदींत शब्दाच्या अर्थामागोमाग म्हणी येत राहतात. १८९९ मध्ये रेव्हरंड मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. शेती, प्राणी, शरीर अशा विषयांनुसार त्याने म्हणी लावल्या. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन विभागांत, १९४२ आणि १९४७ मध्ये, सिद्ध केला. आजही मराठीच्या प्राध्यापकाचे त्यावाचून पान हलत नाही.

या ग्रंथांवाचून आपण भिकारी झालो असतो, हे निःसंशय. तरी त्यांची रचना पाहावी. म्हण, तिचा अर्थ, क्वचित मूळ गोष्ट. ती कोणी कोणाला म्हटली, सासूने की सावकाराने, रागाने की लाडाने, याची जागा नोंदीत नसते. कोशकार तरी ती कोठून आणणार? लष्करी अधिकारी, मिशनरी आणि त्यांना साहाय्य करणारे शास्त्री यांच्या कानांपर्यंत म्हण आली तेव्हाच ती प्रसंगापासून सुटलेली होती. पुब्लिलियुसच्या नाटकाचे जे झाले तेच आपल्या चुलीपुढच्या आणि खळ्यावरच्या संवादाचे झाले. नाटक हरवले, सुविचार उरला.

उंदीर, थेंब, घडा आणि आग

सुदैवाने म्हणीच्या अंगावर तिच्या मूळ धन्याच्या काही खुणा राहतात. दोन भाषांतल्या सारख्या म्हणी शेजारी ठेवल्या की त्या स्पष्ट दिसतात.

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ या म्हणीची लॅटिन जोडी प्रसिद्ध आहे. होरेसने ती काव्यशास्त्रात वापरली, फीड्रसने तिची गोष्ट सांगितली. पण लॅटिनमध्ये डोंगर पोखरला जात नाही, तो बाळंत होतो. मोठमोठ्याने कण्हतो, सगळीकडे धाक बसतो आणि शेवटी जन्मतो तो एक हास्यास्पद उंदीर. तेथे थट्टा आहे ती बड्यांच्या गर्जनेची, आणि ती पाहणारा दूर उभा आहे. मराठीत डोंगर गप्प आहे. कोणीतरी पहार-कुदळ घेऊन तो पोखरला आहे, घाम गाळला आहे. आपली म्हण श्रम वाया गेलेल्या माणसाची आहे. अर्थ विचारला तर दोन्हींचा एकच: मोठ्या खटाटोपाचे क्षुल्लक फळ. तोंड मात्र वेगळे.

‘गुट्टा कावात लापिदेम’, थेंब दगडाला पोखरतो. ओव्हिडने ही म्हण काळ्या समुद्राच्या काठी हद्दपारीत असताना वापरली. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही आपल्याकडची. दोन्हींत थेंब आहे, सातत्याचा महिमा आहे. पण एक थेंब झिजवतो, दुसरा साठवतो. भूगोलावरून माणसाचे मन ठरते असे म्हणणे धाडसाचे होईल. दगडावर पडणारे पाणी आपणही पाहिलेले आहे. तरी ज्या पट्ट्यात पाण्याचा प्रत्येक टँकर मोजला गेला आहे, तेथे थेंबाचे काम दगड फोडणे नसून तळे भरणे आहे हे जास्त वेळा आठवले जावे, यात नवल नाही.

प्लॉटसच्या ‘स्यूडोलस’ या नाटकात निर्ढावलेल्या दलालाला शिव्या घालून दमलेली जोडी म्हणते, आपण भोक पडलेल्या रांजणात शब्द ओततो आहोत. आपण म्हणतो, ‘पालथ्या घड्यावर पाणी’. फुटक्या रांजणात निदान शब्द शिरतात आणि मग गळतात. पालथ्या घड्यात ते शिरतच नाहीत. विद्यार्थ्यांपुढे रोज उभे राहणाऱ्या आम्हां मास्तरांना या दोन अवस्थांतला फरक चांगलाच ठाऊक आहे. गळका विद्यार्थी आणि पालथा विद्यार्थी यांच्यावर उपायही वेगवेगळे करावे लागतात.

ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो नेमका दारात उभा राहिला, तर लॅटिन म्हणे ‘लूपुस इन फाबुला’, गोष्टीतला लांडगा आला. तेथे शांतता पसरते, कारण बोलणे बहुधा निंदेचे असते. आपण मात्र चटकन म्हणतो, ‘शंभर वर्षे आयुष्य आहे हो तुम्हांला!’ निंदा तर आपणही करीत असू. पण आल्यागेल्याला दुखवायचे नाही, ही जी घरातल्या बायकांवर पडलेली जबाबदारी, तिने ही वेळ आशीर्वादाने सावरली आहे.

शेवटची जोडी आगीची. संकटातून सुटून मोठ्या संकटात पडण्याला इरॅस्मसच्या संग्रहात धुरातून पळून आगीत पडणे म्हटले आहे. चर्चचा जुना लेखक टर्टुलियन चुनाभट्टीतून कोळशाच्या भट्टीत, असे म्हणतो. ही भट्टीवर राबणाऱ्याची भाषा. मराठीत आहे ‘आगीतून फुफाट्यात’. येथे क्रम उलटा आहे, याकडे लक्ष द्यावे. लॅटिन म्हण कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे जाते. मराठीत माणूस आगीतून निघतो आणि पडतो तो तापलेल्या राखेत, जी वरून विझलेली दिसते आणि आतून भाजते. धोका मोठा असण्यापेक्षा तो दिसत नाही, हे येथे महत्त्वाचे.

तेरखेड्यात या म्हणीला एक वेगळे वजन येते. वाशी तालुक्यातले हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते ते फटाक्यांच्या कारखान्यांमुळे. पावसाच्या भरवशावरची शेती आणि तिच्या जोडीला दारूकामाची मजुरी, असे या परिसरातल्या अनेक हातांचे जगणे आहे. स्फोटाच्या बातम्या अधूनमधून येतात, काही दिवस चर्चा होते आणि काम पुन्हा सुरू होते. करपलेल्या रानातून निघालेल्या माणसाने दारूच्या खोलीत पाऊल टाकणे, याला दुसरे काय म्हणावे? पुस्तकात ‘आगीतून फुफाट्यात’ याचा अर्थ ‘एका संकटातून दुसऱ्या संकटात’ असा एका ओळीत दिलेला असतो. तो चूक नाही. पण फुफाटा म्हणजे काय, हे त्या ओळीत कळत नाही. ते ज्याच्या पायाखाली आहे त्यालाच कळते.

मालकांच्या म्हणी

येथवर आम्ही खालच्या तोंडांच्या म्हणींविषयी बोललो. पण म्हणी केवळ गुलामांनी केल्या, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. मालकांच्याही म्हणी होत्या, आणि त्या शहाणपणाच्याच वेषात वावरत.

रोममध्ये एक म्हण रूढ होती: जितके गुलाम तितके शत्रू. सेनेकाने आपल्या सत्तेचाळिसाव्या पत्रात ती नोंदवली आहे आणि तिच्यावर ताशेरा ओढला आहे. ही म्हण उद्दामपणातून आली. ते आपले शत्रू नसतात, आपण त्यांना शत्रू करतो, असे त्याचे म्हणणे. सेनेका स्वतः गर्भश्रीमंत होता, गुलाम बाळगून होता. त्याने गुलामगिरी नष्ट करा असे कोठे म्हटले नाही. तरीही त्याने एक दुर्मीळ गोष्ट केली. लोकमान्य म्हणीपुढे मान न तुकवता तिला विचारले, तू कोणाच्या सोयीची?

हाच प्रश्न आपण ‘पायीची वहाण पायीच बरी’ या म्हणीला विचारून पाहावा. वरवर पाहता योग्यायोग्यतेचे, ज्याने त्याने आपल्या पायरीने राहण्याचे हे शहाणपण आहे. पण वहाणेने ही म्हण केलेली नाही, पायाने केली आहे. स्त्रियांविषयीच्या आणि जातींविषयीच्या कितीतरी म्हणी अशाच आहेत. त्या कोशांत आहेत, असल्याही पाहिजेत. इतिहासाचा पुरावा पुसून टाकण्यात शहाणपणा नाही. पण त्या ‘पूर्वजांचे अनुभवसिद्ध ज्ञान’ म्हणून वर्गात सांगणे म्हणजे पुब्लिलियुसच्या लबाड दलालाचे वाक्य सुविचार म्हणून फळ्यावर लिहिण्यासारखे आहे.

कुंभाराचे उदाहरण घेऊ. लॅटिनमध्ये ‘फिगुलुस फिगुलो इन्विदेत’, कुंभार कुंभाराचा मत्सर करतो. मूळ ग्रीक, हेसियडपर्यंत जाणारी ही म्हण बाजारात शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन कारागिरांची आहे. मराठीत ‘कुंभाराची सून उकिरड्यावर यायचीच’. नवी सून चार दिवस लाजेल, पण भट्टीसाठी केरकचरा गोळा करायला तिला उकिरड्यावर जावेच लागेल. ही म्हण कोणाची? सासूची असेल तर ती धाक आहे. शेजारणीची असेल तर कुत्सितपणा. आणि सुनेने स्वतःशीच म्हटली असेल तर तो एक खोल सुस्कारा आहे. शब्द तेच, तोंड बदलले की अर्थ बदलला.

आणि ज्या तेरपासून आम्ही आरंभ केला ते तर गोरोबा काकांचे गाव. संतमंडळींच्या डोक्यावर थापटण्याने ठोकून कोण पक्के, कोण कच्चे हे गोरोबांनी सांगितले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. कच्चे मडके हा शब्दप्रयोग आज कोणीही कोणालाही लावतो. पण या कथेत तो उच्चारणारा खरोखरच मडकी घडवणारा आहे, त्याचा हात आवाजावरून भाजणी ओळखतो आणि त्याचा निवाडा मोठमोठ्यांना मान्य करावा लागतो. म्हणीला तिचा धनी सापडला की तिचे तेज कसे वाढते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

लेकी बोले, सुने लागे

म्हणी मरत चालल्या आहेत, अशी तक्रार आपल्या व्यवसायात वारंवार ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. पण म्हणी पाठ करून घेतल्याने त्या जगतील, हे काही खरे नाही. ‘खालील म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला विद्यार्थी जी वाक्ये लिहितात त्यांत कोणीही कोणाशी बोलत नसते. रमेशने थेंबे थेंबे तळे साचवलेले असते आणि सुरेश आगीतून फुफाट्यात पडलेला असतो. हे दोघे पुब्लिलियुसच्या अक्षरानुक्रमाचेच वंशज.

लॅटिनचा इतिहास येथे आपल्याला सावध करतो. लॅटिन म्हणी टिकल्या, शाळेने टिकवल्या; पण बोलणारे गेले आणि म्हणी बोधचिन्हांवर जाऊन बसल्या. पेट्रोनियुसच्या कादंबरीत मुक्त झालेल्या गुलामांची एक मेजवानी आहे. त्यात जुन्या चिंध्यांचा धंदा करणारा एकजण ‘मानुस मानुम लावात’, हात हाताला धुतो, असे म्हणतो. एकमेकांच्या उपकाराची फेड, त्याच्या बाजारी भाषेत. त्याच्या तोंडी ही म्हण जिवंत आहे, कारण समोर कोणीतरी बसले आहे आणि हिशेब चालू आहे. तीच म्हण सुवाच्य अक्षरात चौकटीत लावली की सहकार्यावरचे सुभाषित होते. मराठीचे बोलणारे आज कोट्यवधी आहेत. आपल्या म्हणींना चौकटीत बसवण्याची घाई आपण का करावी?

दुसरी वाट दाखवण्यासाठी परकीय सिद्धान्ताकडे धाव घेण्याची गरज नाही. ‘लेकी बोले, सुने लागे’ या आपल्याच म्हणीत म्हणींचे सगळे शास्त्र साठवलेले आहे. बोलणारी एक, जिला उद्देशून बोलली ती दुसरी, आणि जिला लागले ती तिसरी. प्रत्येक म्हणीच्या भोवती ही तीन माणसे उभी असतात. वर्गात एखादी म्हण आली की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न द्यावेत: ही कोण बोलले असेल? कोणाला? आणि लागली कोणाला? मग त्यांना घरी पाठवावे. आजीला, रोजंदारीवर जाणाऱ्या आईला, दारूकामावरून परतलेल्या काकाला विचारून येऊ द्यावे की ही म्हण तुम्ही कधी, कोणावर वापरली. प्रसंगासह वहीत उतरवलेली अशी एक म्हण सुट्या दहा म्हणींपेक्षा मोलाची आहे, आणि ती नोंद मोल्सवर्थलाही साधलेली नाही.

लॅटिनच्या अभ्यासकांना हे काम आता करता येणार नाही. पुब्लिलियुसचे प्रेक्षक दोन हजार वर्षांपूर्वी उठून गेले. आपले प्रेक्षक अजून बसलेले आहेत, आणि सासूही बोलते आहे.